पासपोर्ट आधी की व्हिसा आधी? (मु. पो. हुआ हिन)

हुआहिनचा फणस (धागाकर्ता) | ८ जून

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

आम्ही दोघं (मी ६७, सौ. ६४) पाच वर्षांपासून थायलंडमध्ये हुआ हिनला राहतो. रिटायरमेंट एक्स्टेन्शनवर. म्हणजे इथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे, आणि दरवर्षी इमिग्रेशनच्या खिडकीशी जाऊन एका वर्षाचा शिक्का मारून आणायचा. सौ. माझ्यावर अवलंबून, अशी नोंद आहे. (घरात उलटं आहे, पण ते थाई सरकारला कशाला सांगा.)

तर माझ्या पासपोर्टची मुदत येत्या मार्चमध्ये संपते, तिची मे महिन्यात. एक्स्टेन्शनची तारीख २६ सप्टेंबर. शेजारचा इंग्रज म्हातारा म्हणतो, आधी एक्स्टेन्शन उरकून टाक, मार्च लांब आहे. बँकॉकचा एक गुजराती मित्र म्हणतो, आधी पासपोर्ट. मुलगा पुण्याहून म्हणतो, "बाबा, दिवाळीला येताच आहात, इथेच तत्काळमध्ये करून टाकू." तीन डोकी, तीन वाटा. यातून कोणी गेलंय का?

आणखी एक भानगड. डोंबिवलीची जागा तीन वर्षांपूर्वी विकली. पासपोर्टवर पत्ता अजून तोच. पोलिस चौकशीला कोणाच्या दारात जातील?

कट्ट्यावरचा

पहिला! मदत शून्य, नुसती हजेरी. काका, तिकडे फणस मिळतो का?

हुआहिनचा फणस

मिळतो की. खनून म्हणतात. बहुतेक कापाच, गरे सोलून तबकात घालून विकतात. बरक्यासाठी जीव जातो. पण मूळ प्रश्नाचं बघा रे कोणीतरी.

टुकटुक | ८ जून, रात्री

काका, मी पट्टायाच्या बाजूला जोमतिएनला असतो, नववं वर्ष. दोन वर्षांपूर्वी याच चरकातून निघालो. सरळ सांगतो: आधी पासपोर्ट.

कारण साधं आहे. पासपोर्ट जितका, तितकाच शिक्का. तुम्ही २६ सप्टेंबरला जुनाच पासपोर्ट घेऊन गेलात तर खिडकीतली बाई तुम्हाला पुढच्या सप्टेंबरपर्यंतचं एक्स्टेन्शन देणारच नाही. मार्चमध्ये ज्या दिवशी पासपोर्ट संपतो त्या दिवसापर्यंतचाच शिक्का. पैसे मात्र पूर्ण १,९०० बाट, माणशी. मार्चमध्ये परत तेच सगळं: बँकेचं पत्र, पासबुकाच्या झेरॉक्स, फोटो, घराचा नकाशा.

आणि ८ लाखांचं लक्षात आहे ना? अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने पूर्ण रक्कम खात्यात हवी, बाकी वर्षभर ४ लाखांच्या खाली उतरायचं नाही. सहा महिन्यांत दोनदा अर्ज केलात तर तुमचे पैसे जवळजवळ वर्षभर बांधलेलेच राहतात.

मुलाच्या बेताबद्दल: दिवाळी सप्टेंबरनंतर येते. तोवर तुमच्या जुन्या पासपोर्टात आखूड शिक्का बसलेला असणार. म्हणजे इंग्रज आणि मुलगा दोघांची वाट फिरून एकाच खड्ड्याशी येते.

मुदत संपायला वर्षाहून कमी राहिलं की आपल्याकडे अर्ज करता येतो. तुम्ही त्या वर्षात आहात. उद्याच बसा फॉर्म भरायला.

खडूस ऑडिटर

एक दुरुस्ती. सगळे 'रिन्यूअल' म्हणतायत, पण तसं काही नसतं. फॉर्मवर 'री-इश्यू' असतं. जुना रद्द होतो, नवी पुस्तिका येते, नंबर नवा. हा शब्दाचा कीस नाही, कारण पुढची सगळी कटकट नंबर बदलतो म्हणूनच आहे. बँक, विमा, घरमालकाची नोंद, वाहन परवाना, जिथे जिथे जुना नंबर लिहिलाय तिथे तिथे जावं लागतं.

कट्ट्यावरचा

ऑडिटर आले, आता धागा शंभरी गाठणार. चहा ठेवतो.

चिआंगमाईतला सुखी माणूस

टुकटुक यांच्याशी असहमत. मी नेमकं त्या इंग्रज म्हाताऱ्याने सांगितलं तेच केलं होतं. पाच महिन्यांचा शिक्का मिळाला, त्या पाच महिन्यांत नवा पासपोर्ट आला, मग परत अर्ज केला. १,९०० बाट जास्त गेले. आभाळ कोसळलं नाही. उलट नवा पासपोर्ट कधी येतो म्हणून रोज फोन बघत बसण्यापेक्षा ते बरं. काका, नवा वेळेत आला नाही तर? २६ तारीख उलटली की रोजचे ५०० बाट दंड.

टुकटुक

सुखी माणूस, तुमचा मुद्दा तारखा जवळ असताना बरोबर आहे. ऑगस्ट उजाडला असता तर मीही तेच सांगितलं असतं. पण काकांच्या हातात साडेतीन महिने आहेत. आणि कमाल दंड २०,००० बाट असला तरी पासपोर्टवर ओव्हरस्टेचा शेरा बसतो, तो पैशात मोजता येत नाही. त्यामुळे दोन्ही दोर धरून ठेवा: पासपोर्टचा अर्ज आत्ता, आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आला नाही तर जुन्यावरच आखूड शिक्का.

चिआंगमाईतला सुखी माणूस

हे मान्य.

केएलची काकू

मलेशियात आमचंही तेच झालं. माय सेकंड होममध्ये (परदेशी लोकांसाठीची तिथली दीर्घ मुक्कामाची योजना) १० वर्षांची मंजुरी होती, पण पासपोर्टमधलं स्टिकर फक्त पासपोर्टच्या मुदतीइतकं. ह्यांचा पासपोर्ट सहा वर्षांचा उरला होता तर सहाच वर्षांचं मिळालं, उरलेली चार नवा पासपोर्ट आल्यावर परत जाऊन घ्यायची. आम्हाला वाटलेलं, मंजूर झालं म्हणजे झालं. मंजुरी वेगळी आणि चिकटवलेला कागद वेगळा, हे साठीनंतर कळलं.

एक विचारते, अर्ज करताना मूळ पासपोर्ट ठेवून घेतात का? आमचा ठेवून घेतला होता, जीव टांगणीला.

टुकटुक

माझा बघून परत दिला होता. नवा घ्यायला गेलो तेव्हा जुन्यावर रद्दचा शिक्का मारला आणि कोपरा कापला. पण हे ठिकाणागणिक बदलतं, अर्ज देतानाच विचारून घ्या. ठेवून घेतला तर ९० दिवसांच्या हजेरीची (दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला राहता पत्ता कळवायचा, ती) तारीख मध्ये येत नाही ना ते बघा. ती देय तारखेच्या १५ दिवस आधीपासून ७ दिवस नंतरपर्यंत चालते, चुकली तर २,००० बाट.

काका, फॉर्म भरताना ६० पानी मागा. दरवर्षीचा एक्स्टेन्शनचा शिक्का, भारतात जायचं तर री-एन्ट्री परमिटचा (एक्स्टेन्शन न मोडता परत यायची परवानगी), येता-जाता विमानतळाचे. ३६ पानं आठ वर्षांत संपतात, अनुभव आहे.

दुबईकर नाना

आमच्याकडे ही शिक्क्यांची कटकट गेली बुवा. २०२२ पासून पासपोर्टात व्हिसाचं स्टिकर चिकटवणंच बंद, सगळं एमिरेट्स आयडीवर (इथलं ओळखपत्र). रिटायरमेंट व्हिसा ५ वर्षांचा, वयाची अट ५५. पासपोर्ट बदलला की नवा नंबर तेवढा नोंदवायचा.

कट्ट्यावरचा

नाना, आणि तो व्हिसा मिळवायला बँकेत किती लागतात ते पण सांगा ना.

दुबईकर नाना

१० लाख दिरहॅमची बचत, किंवा तेवढ्याचं घर, किंवा महिन्याचं बरंच उत्पन्न. यातलं काहीतरी एक.

कट्ट्यावरचा

मी कट्ट्यावरच बरा.

निमशहरी

राग येऊ नये. पण ६७ व्या वर्षी परक्या देशात खिडकीखिडकीला उभं राहून आम्हाला अजून एक वर्ष राहू द्या म्हणून विनवण्या करायच्या, हे कशासाठी? कोकणात समुद्र नाही का? मुलगा पुण्यात आहे. त्यात ८ लाख बाट परक्या बँकेत अडकवून.

हुआहिनचा फणस

निमशहरी, राग नाही. हे विचारणारे तुम्ही सतरावे. सोळावी माझी सख्खी बहीण.

खरं उत्तर असं की ठरवून काही झालं नाही. मी बँकेतून निवृत्त झालो, सौ. शाळेतून. फिरायला म्हणून आलो होतो, एक महिना. तिला डोंबिवलीत दम्याचा फार त्रास व्हायचा, लोकलचा जिना चढताना दोनदा बसायची. इथे पंधरा दिवसांत समुद्रावर दोन किलोमीटर चालायला लागली. मग परत आलो, परत गेलो, आणि एक दिवस भाड्याचं घर घेतलं. कोकणात समुद्र आहे, आमचं मूळ गाव गुहागरच्या पलीकडेच. पण रात्री दोन वाजता धाप लागली तर डॉक्टर किती अंतरावर, हा हिशोब तिथे जमला नाही. इथे अकरा मिनिटं.

विनवण्या वगैरे काही नाही हो. टोकन घ्यायचं, बसायचं. ठाण्याला रेशनकार्डावरचं नाव बदलायला याहून जास्त बसलोय.

सातारी तवा

'रात्री दोन वाजता धाप लागली तर' +१. माझे वडील गावी असतात. जास्त लिहीत नाही.

खडूस ऑडिटर

विषय पैशावर आलाच आहे तर विचारतो. पाच वर्षं बाहेर राहताय म्हणजे फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) हिशोबात तुम्ही अनिवासी. भारतातलं पेन्शनचं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं खातं) करून घेतलंत का? अनेक ज्येष्ठ मंडळी ते करत नाहीत आणि निवासी म्हणून वर्षाला अडीच लाख डॉलरच्या सवलतीखाली पैसे पाठवत राहतात. ती सवलत निवासी माणसाला आहे. अनिवासी झालात की एनआरओतून, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत, पण त्याचे कागद वेगळे.

हुआहिनचा फणस

अहो बँकेतच होतो ना मी. पहिल्या वर्षीच केलं. हयातीचा दाखलाही दर नोव्हेंबरला वेळेवर जातो, आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतं. पहिल्या वेळी ॲपला माझा चेहरा पटेना. सौ. म्हणाली, ॲपला पण शंका आहे.

निवृत्त हवालदार | ११ जून

पोलिस चौकशीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पासपोर्टच्या टेबलावर माझी सहा वर्षं गेली, ठाणं कोणतं ते विचारू नका.

बाहेरच्या देशात केलेल्या अर्जाचीही पडताळणी इकडे येऊ शकते. अर्जात भारतातला जो पत्ता दिलाय त्या हद्दीच्या ठाण्याकडे कागद येतो. आम्ही काय बघतो? माणूस तोच आहे का, गुन्हा दाखल आहे का, कोर्टात काही चालू आहे का. आता तुम्ही विकलेल्या जागेचा पत्ता दिलात, आमचा माणूस दारात गेला, आतून नवा मालक म्हणाला की असं कोणी इथे राहत नाही. तो बिचारा काय लिहिणार? 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.' खोटं नाही ते. पण त्या एका ओळीपायी तुमचं प्रकरण अडकतं, आणि तुम्ही बसलाय समुद्राच्या पलीकडे.

म्हणून पत्ता लपवू नका. राहता पत्ता तिकडचा द्या, त्याचा तिकडचा पुरावा जोडा. भारतातला पत्ता मुलाचा पुण्याचा द्या, आणि आधारवरही तोच करून घ्या. मुलाला सांगून ठेवा की अनोळखी नंबरवरून फोन आला तर कापू नकोस. अर्धी प्रकरणं हवालदाराचा फोन न उचलल्यामुळे लांबतात. लोकांना वाटतं क्रेडिट कार्डवाला आहे.

आणि चिरंजीवांच्या 'तत्काळ'बद्दल: पुण्यात अर्ज करताना 'सध्या राहतो पुण्यात' असं लिहावं लागेल. शेजाऱ्याने सांगितलं की ते तर थायलंडला असतात, मग? कशाला पाहिजे ते.

कट्ट्यावरचा

हवालदार काका, चहापाण्याचा विषय टाळलात.

निवृत्त हवालदार

टाळला नाही, विचारला नव्हता. मी चहा पीत नाही, ॲसिडिटी आहे.

टुकटुक

राहत्या पत्त्याचा पुरावा: इमिग्रेशनमधूनच रेसिडेन्स सर्टिफिकेट मिळतं, किंवा पिवळी घरनोंद वही (परदेशी रहिवाशांना मिळते ती) काढली असेल तर उत्तम. घरमालकाने टीएम-३० (घरात परदेशी माणूस राहतो हे इमिग्रेशनला कळवायचा फॉर्म) भरलेला असावा, नाहीतर तिथेच अडतं. घरमालकीणबाईंना गोड बोलून आधी तो कागद मागून घ्या.

भातुकली

काकूंचा पासपोर्ट आहे तर नावाचं बघून घ्या. माझ्या सासूबाईंच्या पासपोर्टात पतीच्या नावाचा रकाना कोरा. १९८४ चं लग्न, दादरच्या कार्यालयात, नोंदणी कुठली? लग्नपत्रिका, जेवणाच्या पंगतीचे फोटो आणि भटजींची आठवण, एवढाच पुरावा. परदेशात 'अवलंबून पत्नी' म्हणून राहायचं तर विवाह नोंदणीचा दाखला लागतोच. शेवटी ४० वर्षांनी पालिकेत जाऊन नोंदणी केली. अर्जावर साक्षीदार हवे होते, लग्नाला हजर असलेले कोण जिवंत आहेत याची यादी करावी लागली. पत्रिका मात्र आईंनी जपून ठेवली होती, गणपतीच्या चित्राला हळद लावलेली, ती चालली.

दुसरं म्हणजे मधलं नाव. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये लिहायची पद्धत. पासपोर्टात ते 'गिव्हन नेम'मध्ये जाऊन बसतं. बँकेत एका क्रमाने, विम्यात दुसऱ्या क्रमाने. नव्या पासपोर्टात एक अक्षरही बदललं तरी सगळीकडे खुलासे देत फिरा. आहे तसंच ठेवा.

हुआहिनचा फणस

आमची नोंदणी आहे, इथे येतानाच केली होती. पण तुमची 'जिवंत साक्षीदारांची यादी' वाचून सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, आपल्या यादीत आता तीनच.

पतीचं नाव तिच्याही पासपोर्टात नाही. घालून घेऊ.

मडगावचो बाप्पा

आमच्या गोंयात प्रश्नच वेगळा रे बाबा. माझ्या थोरल्या भावाचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज अमलातला, त्याने लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, तिकडेच असतो. रिटायरमेंट व्हिसा नको, काही नको. पण पोर्तुगीज झाला त्या दिवशी भारतीय पासपोर्ट गेला. आता घरी येतो तो ओसीआय कार्ड (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाचं) घेऊन. वडिलार्जित घराच्या ओसरीत बसून म्हणतो, मी पाव्हणा.

खडूस ऑडिटर

भारताचा दुहेरी नागरिकत्वाला नकार आहे. जुना भारतीय पासपोर्ट स्वतःहून परत करायचा असतो, विसरलो म्हणून वापरला तर दंड.

मडगावचो बाप्पा

ऑडिटरबाब, त्याने दिला परत. कोपरा कापलेला अजून कपाटात आहे.

वऱ्हाडी ठेचा

ई-पासपोर्ट आलाय म्हणतात, तो मिळणार का काकांना? आमच्या नागपुरात तर २०२४ च्या एप्रिलातच सुरू झाला होता बाप्पा, देशात पहिल्यांदा, भुवनेश्वरच्या जोडीला. मुंबई-पुण्यावाल्यांच्या आधी! पुढच्या पुठ्ठ्यावर खाली सोनेरी चौकोनी खूण असते, आत चिप.

कट्ट्यावरचा

नागपूरवाल्यांना एवढं एक मिळालं तर दोन वर्षं सांगतायत.

वऱ्हाडी ठेचा

अन् सांगत राहू.

हुआहिनचा फणस | ३ जुलै

अपडेट. सगळ्यांचं ऐकून आधी पासपोर्ट, हे ठरवलं. ऑनलाइन फॉर्म भरायला दोन संध्याकाळी गेल्या. सौ. शाळेत तीस वर्षं हजेरीपट भरायची, तिने माझ्या फॉर्मात चार चुका काढल्या.

पहाटेच्या गाडीने बँकॉकला गेलो. अर्ज केंद्रावर कागद तपासणारा मुलगा चांगला होता, पण फोटोने घात केला. पार्श्वभूमी पांढरी हवी, ती होती. माझे केस पांढरे. सदरा पांढरा. चष्मा काढलेला. संगणकाला डोकं कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना. नुसते दोन डोळे आणि मिशा हवेत. खालच्या दुकानातून परत काढून आणला, तोही परत. तिसरा चालला. कसा ते विचारू नका.

पासपोर्ट बघून परत दिले, माझी हजेरीची तारीख २० जुलै आहे, तेव्हा तेवढं सुटलं.

कट्ट्यावरचा

कसा?

हुआहिनचा फणस

विचारू नका म्हटलं ना.

निमशहरी

काका, मी वर जरा तोडून बोललो होतो. प्रवास नीट झाला ना काकूंचा?

हुआहिनचा फणस

झाला. गाडीत खिडकी तिला, डबा मला धरायला.

निवृत्त हवालदार | २२ जुलै

चिरंजीवांना फोन आला का?

हुआहिनचा फणस

आला! आणि त्याने कापला! क्रेडिट कार्डवाला समजून! नंतर तुमचा प्रतिसाद आठवला म्हणून परत लावला. तो फोन सौ.च्या अर्जाचा होता. दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन कागद दाखवून आला. माझ्यासाठी अजून कोणी विचारलं नाही.

निवृत्त हवालदार

सांगितलं होतं.

हुआहिनचा फणस | ९ ऑगस्ट

माझा पासपोर्ट आला, सौ.चा यायचाय. पासपोर्ट हातात आला की संपलं, असं वाटायचं. इथून पुढचं लिहितो, कोणाला उपयोगी पडेल.

पहिला फेरा इमिग्रेशनचा. जुना आणि नवा दोन्ही नेले. नव्यात शेवटी जुन्याचा नंबर छापलेला असतो, त्यावर त्यांनी आधी बोट ठेवलं. मग जुन्यातला चालू शिक्का नव्यात उतरवून दिला: अमुक तारखेपर्यंत राहायची परवानगी, जुना पासपोर्ट क्रमांक तमुक. पैसे नाहीत. पाऊण तास. जुना जपून ठेवा म्हणाली, दोन्ही बरोबर घेऊन फिरा.

दुसरा फेरा बँकेचा. नवा नंबर खात्याला लावायचा. काउंटरवरच्या मुलीने सही सहा ठिकाणी घेतली, हसून 'झालं' म्हणाली. हे 'झालं' लक्षात ठेवा, पुढे येतंय.

टुकटुक

काका, ९० दिवसांची पुढची हजेरी ऑनलाइन करू नका. पासपोर्ट बदलल्यावर पहिली हजेरी स्वतः जाऊन द्यावी लागते, नवा नंबर त्यांच्या यंत्रात चढतो, मग पुढची घरबसल्या.

हुआहिनचा फणस | २९ सप्टेंबर

धागा पूर्ण करतो.

सौ.चा पासपोर्ट ४ सप्टेंबरला आला. पतीच्या नावाच्या रकान्यात मी आहे. तिने बघितलं, चष्मा लावून परत बघितलं, म्हणाली, "स्पेलिंग बरोबर आहे."

२४ ला सकाळी बँकेत गेलो. शिलकेचं पत्र घेतलं, पासबुकात त्याच दिवशीची नोंद दिसावी म्हणून १०० बाट भरले. तसेच इमिग्रेशनला. टोकन ३८. घराचा नकाशा सौ.ने काढला होता: देऊळ, सेव्हन-इलेव्हन, पिवळ्या फाटकाची शाळा, मग आमची गल्ली. खिडकीतल्या बाईने तो कौतुकाने शेजारणीला दाखवला. मग बँकेचं पत्र बघितलं आणि पेन ठेवलं. पत्रात जुना पासपोर्ट नंबर!

ऑगस्टमधलं 'झालं' म्हणजे एका यंत्रात झालं होतं, पत्र छापणाऱ्या यंत्रात नाही. परत बँक. ती मुलगी हात जोडून जोडून माफी मागत होती, आता रागवणार तरी कसं. नवं पत्र हातात पडेपर्यंत दीड वाजला. पण बाईने दुपारचं टोकन न मागता सरळ आत घेतलं, बहुधा नकाशामुळे.

पुढच्या २६ सप्टेंबरपर्यंतचा पूर्ण वर्षाचा शिक्का. दोघांना. ३,८०० बाट.

तेव्हा टुकटुकरावांचं बरोबर होतं, आणि सुखी माणसाने घातलेली भीतीही बरोबर होती: सौ.चा तीन आठवडे उशिरा आला असता तर तिला आखूड शिक्का आणि मला लांब, असं झालं असतं. तुमच्यापैकी कोणाला करायचं असेल तर वर्षाची खिडकी उघडली की लगेच करा, आणि बँकेचं पत्र बँकेतच उभं राहून वाचा.

खडूस ऑडिटर

बँकेतला माणूस बँकेचं पत्र न वाचता निघाला?

हुआहिनचा फणस

सौ. पण हेच म्हणाली. शब्दशः.

टुकटुक

अभिनंदन काका. जोमतिएनला या, बरका फणस माहीत असलेला एक बाजार आहे.

सातारी तवा

वाखु (वाचनखूण) साठवली. वडिलांना इकडे आणायचं म्हणतोय, कागद वेगळे असले तरी क्रमाचं डोकं हेच लागेल.

कट्ट्यावरचा

आता तरी सांगा, तिसरा फोटो कसा चालला.

हुआहिनचा फणस

फोटोवाल्याकडे खुंटीवर काळा कोट टांगलेला होता, गिऱ्हाइकांसाठीच. बाह्या मनगटाच्या वर चार बोटं, पाठीमागून चिमटे लावले. पुढची दहा वर्षं मी कोटात. लग्नातही घातला नव्हता.